यांचं न्यू ऑर्लिन्स आणि माझं

अहो वहिनी, आमचे हे पारावर बसून काय सांगत सुटलेत ते तुमच्या कानावर आलंच असेल. "न्यू ऑर्लिन्स म्हणजे नुसतं पिणाऱ्यांचं गाव. भर रस्त्यात पेला हातात घेऊन हिंडतात आणि पोलीस बघत उभे!" भाऊजींनी घरी येऊन हेच सांगितलं ना? वाटलंच मला. तर त्यातलं निम्मं खरं आहे, पण ते निम्मं एका रस्त्याचं. ह्यांनी तो रस्ता बघितला, गाव मी बघितलं. तुमची आमसुलं उलटायची चालू द्या, ऊन जाईल. मी आपली गडग्याला टेकून सांगते.

लेक-जावई ह्यूस्टनला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिथून न्यू ऑर्लिन्स गाडीनं पाच-सहा तास. वाटेत अ‍ॅचफलाया नावाच्या दलदलीवरून पूल जातो, 29 किलोमीटर लांब. खाली पाणी आणि पाण्यात उभी झाडं. ह्यांनी तो अख्खा पूल झोपेत पार केला. गाव आलं तसे डोळे उघडले आणि पहिला प्रश्न, "बर्बन स्ट्रीट कुठाय?"

— मग खरंच हातात घेऊन हिंडतात?

हिंडतात तर! कायद्यानं मुभाच आहे. काचेचा ग्लास चालत नाही, प्लास्टिकचा पेला चालतो. बारमधून निघताना उरलेलं त्यात ओतून घेतात आणि चालू लागतात. बार बंद करायची ठरलेली वेळही नाही. अमेरिकेतल्या बहुतेक गावांत असलं खपवून घेत नाहीत, म्हणून तर लग्न ठरलेले पोरगे दोस्तांना घेऊन तिथे येतात. आणि पोरी काही मागे नाहीत हो, "होणारी नवरी" असं लिहिलेले पट्टे खांद्यावरून घालून घोळक्यानं फिरत असतात. ह्यांनी 'हरिकेन' नावाचं लालभडक काहीतरी घेतलं. त्यात रम आणि पॅशन फ्रूट. "सरबतच आहे गं," म्हणत संपवलं आणि मग दिसेल त्या गोऱ्याला कोकणात यायचं आमंत्रण देत सुटले. हे पारावर नाही सांगितलं वाटतं?

आणि बुटांचं? तेही नाही? मग ऐका, पण माझं नाव घेऊ नका. एक पोरगा गोड हसत आडवा आला. "काका, तुमचे हे बूट कुठले ते मी सांगतो. बरोबर निघालं तर दहा डॉलर." आता ह्यांचे बूट चिपळूणच्या बाजारपेठेतले! ह्यांना वाटलं, हा काय ओळखणार कप्पाळ. लावली पैज. तो म्हणतो, "बूट तुमच्या पायातले, आणि पाय बर्बन स्ट्रीटवरचे!" दहा डॉलर गेले. तिथली ही फार जुनी युक्ती म्हणे. जावयाला माहीत होती, पण सासऱ्याला अडवायचं कसं म्हणून बिचारा खांबाकडे बघत राहिला. हसा हसा. मीही तेव्हा तोंडाला रुमाल लावला होता.

माझं मत विचाराल तर तो रस्ता एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालावा आणि सोडून द्यावा. सकाळी धुऊन काढतात तेव्हा बरा दिसतो. आणि मान वर ठेवावी, कारण बघण्यासारखं सगळं वरती आहे. लोखंडी जाळीच्या गॅलऱ्या, त्यांना टांगलेल्या नेच्याच्या कुंड्या. त्या भागाला म्हणतात फ्रेंच क्वार्टर. 1718 साली वसवलं फ्रेंचांनीच. पण 1788 साली आणि परत 1794 साली मोठ्या आगी लागल्या, जुनी वस्ती बरीचशी जळून गेली, आणि तेव्हा राज्य होतं स्पेनचं. म्हणजे नाव एकाचं, बांधकाम दुसऱ्याचं. पुढे ते परत फ्रान्सकडे गेलं आणि नेपोलियननं 1803 साली तो सगळा मुलूख दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकून टाकला. जमिनीचे असे व्यवहार आपल्याकडे झाले असते तर अजून कोर्टात पडून असते.

— गाणंबजावणं ऐकलंत की नाही? ते म्हणाले नुसता गोंगाट.

बर्बन स्ट्रीटवर गोंगाटच आहे, त्यात ह्यांची चूक नाही. पण तिथून दोन पावलांवर प्रिझर्वेशन हॉल आहे. 1961 सालापासून चालू. बाहेरून बघाल तर वाटेल, कुणाचं तरी पडीक घर. आत लाकडी बाकं, पुढच्यांनी जमिनीवर बसायचं. मायक्रोफोन नाही. फोटो काढायचे नाहीत. आणि प्यायला काही मिळत नाही! ह्यांनी दारातच विचारून घेतलं, आणि "तुम्ही बसा, आम्ही फिरून येतो," म्हणून जावयाला घेऊन सटकले. पाऊण तासाचा कार्यक्रम. आमच्या पायाशी तो ट्रॉम्बोन येत होता, इतक्या जवळ. वाजवणाऱ्यात एक म्हातारा होता, ट्रंपेट खाली ठेवून मध्येच गायला लागला. शब्द एक कळला नाही मला. लेकीकडे बघितलं तर ती डोळे पुसत होती, आणि तिलाही विचारलं तर कळलं नाही म्हणाली.

रात्री खरी जत्रा असते ती फ्रेंचमेन स्ट्रीटवर. क्वार्टरच्या हद्दीबाहेर लगेच. गावातले लोक तिकडे जातात. लहान लहान खोल्या, दारं सताड उघडी, एका दारातून एक वाजवणं आणि पुढच्या दारातून दुसरं. बऱ्याच ठिकाणी तिकीट नाही, बादली फिरवतात, तिच्यात पैसे टाकायचे. आणि टाकायचे हं वहिनी! पुष्कळ लोक फुकट ऐकून पुढे सरकतात, ते मला आवडलं नाही. कोपऱ्यावर तर पोरंच वाजवत होती, शाळकरी. त्यातल्या एकाच्या गळ्यात इतकं मोठं पितळी वाद्य, त्याच्यात तोच मावला असता.

लुई आर्मस्ट्राँग तिथलाच. 1901 सालचा जन्म, घरची गरिबी. त्याचं काय झालं माहितेय? 1912 च्या वर्षअखेरच्या रात्री, जेमतेम अकरा वर्षांचा पोर, त्यानं सावत्र बापाचं पिस्तूल काढून रस्त्यात हवेत बार उडवला. पोलिसांनी धरला आणि काळ्या पोरांच्या सुधारगृहात घातला. तिथे बँड होता. तिथे धड वाजवायला शिकला आणि पुढे जगभर गाजला. आता गावात त्याच्या नावानं बाग आहे, विमानतळही त्याच्याच नावाचा. त्या बागेतच काँगो स्क्वेअर म्हणून जागा आहे. गुलामगिरीच्या काळात आफ्रिकेतून आणलेले लोक रविवारी तिथे जमायचे, ढोल वाजवायचे, नाचायचे. आठवड्यातला तेवढाच दिवस काय तो त्यांचा. जॅझची मुळं शोधत गेलं की त्या जागेपाशी पोचतात म्हणे. आज तिथे गेलात तर फक्त फरसबंदी आणि मोठी झाडं. पण मला बर्बन स्ट्रीटपेक्षा तिथे बसायला बरं वाटलं.

आणि रविवारचंच आणखी सांगायचंय. हे ह्यांना ठाऊक नाही, तेव्हा तुमच्यापाशीच ठेवा. हे खोलीवर घोरत पडलेले. मी आणि लेक ट्रेमेला गेलो. क्वार्टरला लागूनच वस्ती आहे, काळ्या लोकांची, फार जुनी. तिथून मिरवणूक निघणार होती. 'सेकंड लाइन' म्हणतात तिला.

— लग्नाची?

लग्नाची नव्हे, देवाचीही नव्हे. त्यांची मंडळं असतात. गुलामगिरी संपल्यावर काळ्या माणसाला विमा कोण देणार, डॉक्टर कोण बघणार? मग हे लोक वर्गणी काढून मंडळं चालवायचे. कुणी आजारी पडला तर औषधपाणी, गेला तर त्याची अंत्ययात्रा मंडळाच्या पैशानं, बँड लावून. स्मशानाकडे जाताना सावकाश, जड सूर, आणि माती देऊन झाली की तोच बँड नाचायचं वाजवतो. आपल्याला ऐकायला चमत्कारिक वाटतं, पण मी म्हणते त्यात वाईट काय? गेला तो सुटला, मागे राहिले त्यांनी घरी कसं परतायचं? त्या मंडळांची वर्षाची एकेक मिरवणूक असते आणि ऐन उन्हाळ्याचे काही आठवडे सोडले तर जवळजवळ दर रविवारी कुणाची तरी पाळी.

काय सांगू तुम्हाला! मंडळाचे लोक पुढे, सगळ्यांचे एका रंगाचे सूट, बूटसुद्धा त्याच रंगाचे, हातात पिसांचे पंखे आणि झालरीच्या छत्र्या. मागे बँड. त्याच्यामागे सगळं गाव, कुणीही. म्हातारे, कडेवरची पोरं, सायकलवाले. एकानं तर घराच्या छपरावर चढून नाच केला. बाजूनं टेम्पोवाले चाललेत, मागच्या हौद्यात शेगडी, त्यावर मांस भाजताहेत आणि चालता चालता विकताहेत. चार तास चालते ती, मध्ये मध्ये थांबत. सगळे रुमाल उडवत होते. माझ्याकडे रुमाल नव्हता, मी ओढणी उडवली. एक बाई, असेल माझ्याच वयाची, माझा हात धरून म्हणाली काहीतरी आणि मला गोल फिरवलं. वहिनी, माझे गुडघे कसे आहेत ते तुम्हाला माहीत आहे. पण त्या दिवशी काही बोलले नाहीत.

— अगो बाई! आणि खाल्लंत काय? तुमचा सोमवार होता की.

तेच तर! सोमवारी त्या गावात घरोघरी आणि हॉटेलांतून एकच बेत, राजमा आणि भात. मला वाटलं देव पावला. पूर्वी सोमवार हा तिथे कपडे धुवायचा दिवस. दिवसभर बायका धुण्याला जुंपलेल्या, मग राजमा मंद आचेवर चढवून ठेवायचा आणि विसरून जायचं. त्यात रविवारच्या जेवणातलं उरलेलं हाड टाकायचं. हाड डुकराचं! माझा बेत तिथेच आटोपला. मग आम्ही उतरलो होतो तिथल्या स्वयंपाकघरात लेकीनं बिनहाडाचा शिजवला. बरा झाला होता, पण त्यांच्यासारखा मऊ गाळ नाही झाला. आर्मस्ट्राँगला म्हणे हा राजमा-भात इतका प्रिय की पत्राखाली सही करताना 'आपला नम्र' लिहायच्या जागी तो राजमा-भाताचं नाव घालायचा.

मंगळवारी मात्र कसर काढली. गंबो! भेंडी, कोळंबी आणि खेकडा एकाच भांड्यात, वर थोडा भात. भेंडी आली आफ्रिकेतून गुलामांबरोबर. तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांनी सॅसाफ्रास झाडाच्या पानांची पूड दिली, तीही दाटपणाला घालतात. आणि फ्रेंचांचं काय, तर मैदा. मैदा तेलात नाहीतर तुपात घालून परतत बसायचं, बेसनाच्या लाडवाला भाजतो तसं, हात थांबवायचा नाही. पण आपण तांबूस झालं की उतरवतो, हे पार चॉकलेटच्या रंगापर्यंत नेतात. अर्धा-पाऊण तास. एक ठिपका करपला तरी सगळं फेकून नव्यानं सुरुवात. मग त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची. ही तिकडी तिथे सगळ्यात असते. मी चमचा तोंडात घातला आणि लेकीला म्हटलं, "ह्याला चार आमसुलं हवी होती." ती म्हणाली, "आई, इथे मोठ्यानं बोलू नकोस."

कारण गंबोच्या बाबतीत फार मानी लोक आहेत ते. तिथे लिआ चेस नावाची बाई होती, डूकी चेस रेस्टॉरंट चालवायची. 2019 साली गेली, शहाण्णव वर्षांची होऊन. ओबामा तिच्याकडे जेवायला आले आणि चव न बघताच गंबोत तिखट सॉस ओतायला लागले. बाईनं झापलं त्यांना! पण तिची खरी गोष्ट वेगळीच आहे. गोऱ्यांनी आणि काळ्यांनी एका टेबलावर बसायला कायद्यानं बंदी होती तेव्हा तिच्या माडीवर दोघेही बसून जेवायचे आणि चळवळीच्या बैठका घ्यायचे. पोलीस धाड घालायचे नाहीत, कारण गावातली माणसं खवळली असती. मला वाटतं, गंबो बंद होण्याची भीती त्यांनाही असणार.

क्रॉफिशचा हंगाम होता. गोड्या पाण्यातला, शेवंडाचं पिल्लू म्हणा. मसाल्याच्या पाण्यात कणीस-बटाट्याबरोबर उकडतात आणि टेबलावर कागद अंथरून त्यावर ढीग ओततात. तिथली वाढणारी पोरगी शिकवायला आली, मुंडी पिळायची, शेपटीतलं मांस ओढायचं, मुंडी चोखायची. मी म्हटलं, बाळ, लग्न होऊन आले तेव्हापासून कुर्ल्या फोडतेय मी. तिचा एक होईतो माझे पाच झाले होते. पोबॉय म्हणजे लांबड्या फ्रेंच पावात तळलेली कोळंबी नाहीतर कालवं. 1929 साली ट्रामवाल्यांचा संप झाला, तेव्हा मार्टिन नावाचे दोघे भाऊ, स्वतः आधी ट्रामवर काम केलेले, त्यांनी संपवाल्यांना असे पाव फुकट खाऊ घातले. गरीब पोरांचा पाव तो. आता फुकट नाही हं. प्रालीन म्हणून पेकानची वडी असते, ती फारच गोड, एक तुकडा चौघांना पुरे. तुमच्यासाठी आणलेली तीच. खाल्लीत का? नसाल तर राहू दे, मुंग्यांना घाला.

कॅफे दु मोंदमध्ये गेलोच, 1862 सालापासूनचं. चिकोरीची कॉफी, निम्मं गरम दूध, आणि बेन्ये. चौकोनी तळलेला फुगा, एका बशीत तीन, वर पिठीसाखरेचा डोंगर. तो तोंडाशी नेताना श्वास आवरायचा आणि हसायचं मुळीच नाही. ह्यांनी काळा शर्ट घातला होता आणि जावयानं नेमकी बुटांची आठवण काढली. पुढचं काय सांगू.

— आणि नदी? मिसिसिपी म्हणजे मोठी असेल.

मोठी! पण तिथली गंमत अशी की नदीला जायला पायऱ्या चढाव्या लागतात. जॅक्सन स्क्वेअर म्हणून चौक आहे, त्याच्यासमोरून रस्ता ओलांडायचा, बांधावर चढायचं, आणि मग पलीकडे पाणी. गाव खाली, नदी वर. गावाचा बराच भाग समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे. आम्ही गेलो तेव्हा नदी भरलेली होती, वरच्या मुलखातलं पाणी येतं वसंतात. चौकातून बघितलं तर बांधाच्या वर जहाजाचा नुसता वरचा मजला सरकताना दिसला. मी लेकीचा हात धरला. समुद्र अजून दीडशे किलोमीटरहून लांब, आणि भली मोठी जहाजं त्या वळणातून वाकडी होत जातात. अल्जियर्स पॉइंटच्या वळणावर नदी साठेक मीटर खोल आहे म्हणे.

कॅटरिनाचं ऐकलं असेल तुम्ही. 29 ऑगस्ट 2005. आपल्याकडे 26 जुलै झाला त्याच्या पुढच्याच महिन्यात. शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली. मला वाटायचं नदी आत घुसली. तसं नाही, कालव्यांच्या भिंती आणि दुसरे बांध फुटले. आणि फ्रेंच क्वार्टर बहुतेक कोरडं राहिलं, कारण जुन्या लोकांनी नदीनं गाळ टाकून केलेला उंचवटा बघून घरं बांधली होती. बुडाले ते मागून सखल दलदलीत वसवलेले भाग. जावई म्हणाला, पैसे असते तर त्यांनीही उंचावरच घर घेतलं असतं. तिथे अजून मोकळे प्लॉट दिसतात, पायऱ्या शिल्लक आणि घर नाही. चिपळूणला 2021 च्या पुरानंतर मावशीकडच्या भिंतीवर पाण्याची रेघ बघितली होती, तेव्हा मला कुणी वेगळं समजावायला नको होतं.

संध्याकाळी दोन डॉलर देऊन फेरीनं पलीकडे गेलो. नॅचेझ नावाची वाफेची बोट असते, मागे मोठं लाल चाक, आणि छपरावर वाफेवर वाजणारी पेटी. तिचा आवाज गावभर ऐकू येतो, आणि बेसूर असतो, ते मात्र खरं. तिच्यावर जेवणासकट सफर मिळते, महाग. फेरीत तेच पाणी, तोच वारा, तेच चौकातल्या कॅथेड्रलचे तीन मनोरे दिवे लागताना. पलीकडच्या बाजूला ते लोक 'वेस्ट बँक' म्हणतात आणि सकाळी सूर्य तिकडूनच उगवतो! नदी इतकी वळते की उत्तर-दक्षिणेचा तिथे काही उपयोगच नाही. गावाच्या एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला तलाव, म्हणून पत्ता सांगताना 'नदीच्या अंगाला' नाहीतर 'तलावाच्या अंगाला' म्हणतात. हे मला लगेच समजलं, ह्यांना मोबाईलवर होकायंत्र लावूनही समजलं नाही.

— दफनभूमीतसुद्धा गेला होतात म्हणे?

बाहेरून बघितली. जमिनीवर बांधलेली थडगी, घरांसारखी. एका सिनेनटानं, निकोलस केजनं, जिवंतपणीच स्वतःसाठी पिरॅमिड बांधून ठेवलाय. हौस! मला त्यापेक्षा ट्राम आवडली. सेंट चार्ल्स रस्त्यावरची, 1835 सालापासून चालू, लाकडी बाकांची, सव्वा डॉलरला. बाहेरच्या झाडांवर, तारांवर रंगीत मण्यांच्या माळा लटकलेल्या. मार्डी ग्रा नावाच्या सणाच्या मिरवणुकीत रथांवरून फेकतात त्या. 2018 साली तुंबलेली गटारं साफ केली तर 40 टनांहून जास्त माळा निघाल्या. आपण गणपतीनंतर खाडीकाठी काय निघतं ते बघतोच, तेव्हा मी काही बोलले नाही.

बरं वहिनी, फाटक वाजलं. भाऊजी आलेसे वाटतात. तुम्ही काही बोलू नका हं, चेहरा सरळ ठेवा. अहो भाऊजी, इकडे या जरा! तुमच्या ह्या चपला कुठल्या ते मी सांगू? लावता दहा रुपये?